टेस्ट एन्व्हायर्नमेंट एकदा उभारून पुन्हा पुन्हा कसं वापरायचं?

प्रश्न निपाणीहून आलाय. फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनवणारी छोटी कंपनी आहे, टेस्टिंगला पाच जण आहेत. बेळगावच्या ऑफिसात १२८ जीबी रॅमचा एकच सर्व्हर, त्यावर हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), टीएफएस २०१३ (कोड आणि बग सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) आणि त्याच्या जोडीचं, टेस्टची मशीन सांभाळणारं लॅब मॅनेजमेंट. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे टेस्टसाठी उभारलेला आभासी मशीनचा संच, तीन मशीनचं: डेटाबेस, ॲप्लिकेशन, क्लायंट. डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरच्या मशीनची आणि माणसांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) ऑफिसचाच वापरतात. दर रिलीजला हे सगळं नव्याने उभारण्यात दोन दिवस जातात. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवले तर महिना-दीड महिन्यानं ते चालेनासे होतात. दोघांना तेच एन्व्हायर्नमेंट एकाच वेळी दिलं की मशीनची नावं आणि आयपी एकमेकांवर आदळतात. हे सोडून प्रॉक्समॉक्सवर (हायपर-व्हीच्या जागी वापरता येणारं दुसरं सॉफ्टवेअर) जावं का, आणि फाउंड्रीतला वजनकाटा यात कसा बसवायचा, असंही विचारलंय.

स्नॅपशॉटपासून सुरू करतो. तुमचा निम्मा वेळ तिथंच जात असणार.

लॉगिन करताना ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा मेसेज येतो, बरोबर? त्यात लॅब मॅनेजमेंटचा काही दोष नाही. विंडोज डोमेनमधल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा एक पासवर्ड असतो, माणसांच्या पासवर्डहून वेगळा. मशीन तो दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं आणि डोमेन कंट्रोलरला कळवतं. तुम्ही ॲप सर्व्हर दीड महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर नेलात, की त्याच्या हातात जुनी किल्ली आणि दाराला मात्र नवं कुलूप. ऑफिसचा डोमेन कंट्रोलर तर तुमच्या स्नॅपशॉटबरोबर मागे जाणार नाही. मग कुणीतरी मशीन डोमेनमधून काढतो, परत जोडतो, दोनदा रीस्टार्ट करतो, सर्व्हिसचे पासवर्ड पुन्हा भरतो. झाली दुपार.

उपाय सरळ आहे. एन्व्हायर्नमेंटचा स्वतःचा डोमेन कंट्रोलर ठेवा. छोटासा, २ जीबी रॅमवर भागतो. म्हणजे मशीन तीनची चार होतील, पण स्नॅपशॉट घेताना चौघांचा एकत्र घ्यायचा आणि मागे जातानाही चौघांनी एकत्रच जायचं. किल्ली आणि कुलूप एकाच क्षणाचं राहतं, मग वर्षानं परत आलात तरी दार उघडतं. शिवाय त्या टेस्ट डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) मशीनचा पासवर्ड बदलणं बंदच करून टाका. ऑफिसच्या डोमेनमध्ये हे करू नका, फक्त टेस्टच्या. एका एन्व्हायर्नमेंटला डोमेन कंट्रोलर एकच असू द्या. दोन ठेवले आणि एकच मागे नेला तर दोघांच्या हिशेबात जो घोळ होतो तो निस्तरणं टेस्टरचं काम नव्हे.

बेसलाइनचा, म्हणजे दर वेळी जिथं परत यायचं त्या स्वच्छ सुरुवातीचा, स्नॅपशॉट मशीन चालू असताना घेऊ नका. बंद करून घ्या. आधी क्लायंट, मग ॲप, मग डेटाबेस, शेवटी डोमेन कंट्रोलर अशा क्रमानं बंद करायची, आणि सुरू करताना उलट. चालू मशीनचा स्नॅपशॉट रॅमसकट घेतला जातो, फाईल मोठी होते. त्यातही खरा त्रास घड्याळाचा. मशीन जागं होतं ते मागच्या महिन्यातली तारीख घेऊन, आणि केर्बेरॉसला (डोमेनमधली लॉगिन तपासण्याची पद्धत) मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. घड्याळं जुळेपर्यंतच्या त्या दोन-तीन मिनिटांत कुणी टेस्ट सुरू केली की लॉगिन फेल, आणि टेस्टर निष्पाप डेव्हलपरच्या नावानं बग टाकून मोकळा. बंद अवस्थेतला स्नॅपशॉट वापरला तर बूट व्हायला चार मिनिटं जास्त लागतील, लागू देत. आपल्याकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हाही बंद मशीनच्या डिस्कचं काही बिघडत नाही.

चालू मशीनचा स्नॅपशॉट फक्त एका कामासाठी राखून ठेवा: बग सापडल्या क्षणी. लॅब मॅनेजमेंटची ही सोय मला आजही आवडते. टेस्टर बगला त्या क्षणाचा स्नॅपशॉट जोडतो, डेव्हलपर तो उघडतो आणि स्क्रीन जशीच्या तशी समोर. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय की ओ’ हे वाक्य तिथंच संपतं. फक्त बग बंद झाला की तो स्नॅपशॉट त्याच दिवशी काढा. स्नॅपशॉट म्हणजे मूळ डिस्कवर रचलेली फरकाची फाईल. ती वाढत जाते, फरकावर फरक चढतो, आणि एक दिवस होस्टची (ही सगळी मशीन ज्यावर चालतात त्या सर्व्हरची) डिस्क भरते. मग हायपर-व्ही सगळ्या मशीनना ‘पॉज्ड-क्रिटिकल’ करून ठेवतो. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी हे बघणं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. आणि ज्या डिस्कवर स्नॅपशॉट रचलेत ती मूळ डिस्क कधीही हातानं उघडून त्यात ‘एवढा एक पॅच’ टाकू नका. वरची सगळी साखळी तुटते.

आता मुख्य गोष्ट. पुन्हा वापरायचं म्हणजे जपून ठेवायचं, असा समज तुमच्या प्रश्नात दिसतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत उभं राहून बघा. पॅटर्न कपाटात जपलेला असतो, त्यावर नंबर टाकलेला असतो, झिजला तर पॅटर्न शॉपला जातो. त्यावरून वाळूचा साचा बनतो, धातू ओतला जातो, आणि थंड झाल्यावर साचा फोडतात. फोडल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. वाळू चाळून, बेंटोनाइट आणि पाणी मिसळून परत वापरात येते. तुमचं टेम्प्लेट (ज्यावरून नवी मशीन काढायची ती मूळ प्रत) म्हणजे पॅटर्न, टेस्टरच्या हातातलं एन्व्हायर्नमेंट म्हणजे साचा, आणि रॅम नि डिस्क म्हणजे वाळू. तुम्ही साचेच कपाटात रचून ठेवताय, म्हणून वाळू पुरत नाही.

मी एन्व्हायर्नमेंट तपासतो ते एकाच प्रश्नानं: हे आत्ता डिलीट केलं तर कुणी ओरडेल का? कुणी ओरडलं, तर त्यात अशी काहीतरी गोष्ट आहे जी कुठंच लिहिलेली नाही. कुणीतरी हातानं बदललेली सेटिंग, कुणाच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल, कधीतरी रात्री टाकलेला पॅच. ती शोधायची आणि जिथली तिथं न्यायची.

जिथली तिथं म्हणजे कुठं? मी बदलण्याच्या वेगावरून ठरवतो. महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी बदलणारं सगळं टेम्प्लेटमध्ये: विंडोज, त्याचे अपडेट, डॉटनेट, एस्क्यूएल सर्व्हर, टेस्ट एजंट, प्रादेशिक सेटिंग, भारतीय वेळ. दर आठवड्याला बदलतो तो तुमचा बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती. तो टेम्प्लेटमध्ये कधीच नको, तो डिप्लॉय स्क्रिप्टनं वर चढला पाहिजे. लॅब मॅनेजमेंटचा तयार वर्कफ्लो हेच करतो: बेसलाइनवर मागे जातो, बिल्ड चढवतो, नवा स्नॅपशॉट घेतो, टेस्ट चालवतो. तुमचे दोन दिवस कमी व्हायचे ते इथं. आणि डेटा तिसरीकडं, त्याबद्दल पुढं बोलतो.

टेम्प्लेटमध्ये हमखास विसरली जाणारी एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, कारण ती आपल्या भागातच जास्त चावते. तुमच्या बिलावर आणि चलनावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही असणार. आमच्याकडं क्लायंट मशीन विंडोज ७ वरून विंडोज १० वर नेलं तेव्हा चलनाचा छापील नमुना बिघडला. अक्षरं दिसत होती, पण रुंदी वेगळी, पत्त्याची ओळ खाली सरकलेली, एकूण रक्कम पुढच्या पानावर. दोन दिवस रिपोर्टचा कोड चाळला. कारण निघालं असं: रिपोर्टमध्ये मराठीला ‘मंगल’ आणि कन्नडला ‘तुंगा’ फॉन्ट नेमलेला होता. विंडोज ७ मध्ये दोन्ही आपसूक असायचे. विंडोज १० मध्ये नव्यानं इन्स्टॉल केलं तर ते वेगळे, ‘पूरक फॉन्ट’ म्हणून मागून घ्यावे लागतात. नाही घेतले तर विंडोज गुपचूप ‘निर्मला यूआय’ वापरतं, त्यात देवनागरीही आहे आणि कन्नडही. म्हणून एरर कुठंच नाही, फक्त माप बदललेलं. आता आमच्याकडं क्लायंटची टेम्प्लेटं दोन आहेत, एक पूरक फॉन्टसकट आणि एक मुद्दाम त्यांच्याविना. ग्राहकाकडं कुठलं मशीन असेल ते आपल्या हातात थोडंच आहे?

टेम्प्लेट बनवताना शेवटी सिसप्रेप चालवलं जातं, म्हणजे मशीनची ओळख पुसली जाते आणि प्रत्येक नव्या मशीनला नवं नाव मिळतं. क्लायंटला हे उत्तम. डोमेन कंट्रोलरला मात्र सिसप्रेप लावता येत नाही. एस्क्यूएल सर्व्हरला लावायचं तर तो सिसप्रेपसाठी सांगितलेल्या पद्धतीनंच इन्स्टॉल करावा लागतो, नाहीतर नवं नाव मिळालेल्या मशीनवर तो स्वतःचं जुनंच नाव सांगत बसतो आणि तुमच्या एखाद्या जॉबमध्ये ते नाव लिहिलेलं असलं की तो जॉब बसला. म्हणून माझी शिफारस अशी: चार मशीन टेम्प्लेटवरून एकदा उभी करा, डोमेनमध्ये जोडा, नावं पक्की करा, सगळं नीट चालतंय हे बघा, बंद करा, आणि ते अख्खं एन्व्हायर्नमेंट लायब्ररीत (लॅब मॅनेजमेंटच्या साठवणीच्या जागेत) साठवा. ज्याला पाहिजे तो तिथून डिप्लॉय करेल. प्रत्येक प्रतीत डेटाबेसचं नाव तेच, आयपी तेच, कॉन्फिग फाईलला हात लावायची गरज नाही.

सगळ्यांची नावं तीच म्हणजे टक्कर होणारच. त्यासाठी डिप्लॉय करताना नेटवर्क आयसोलेशन चालू करायचं. ते काय करतं, तर प्रत्येक मशीनला दोन नेटवर्क कार्ड देतं. एक आतलं, जे फक्त त्याच एन्व्हायर्नमेंटच्या मशीनना दिसतं. तिथं नावं आणि आयपी मूळचेच राहतात. दुसरं बाहेरचं, ज्याला ऑफिसच्या नेटवर्कवर वेगळं, न जुळणारं नाव मिळतं. टेस्टर आपल्या लॅपटॉपवरून त्या बाहेरच्या नावानं जोडला जातो. डोमेन कंट्रोलरला बाहेरचं कार्ड मिळतच नाही, तो आतच राहतो. गल्लीगल्लीत एकेक ‘पाटील काका’ असतात ना, गल्लीत तेवढं नाव पुरतं, पोस्टमनला मात्र घर नंबर लागतो. तसंच. तुम्ही ऑफिसचा डोमेन कंट्रोलर वापरत होता म्हणून हे तुम्हाला करताच आलं नसतं.

पण आयसोलेशन म्हणजे कुंपण, असं समजू नका. मी समजलो होतो.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकानं एक बग दाखवायला चालू डेटाबेसचा बॅकअप दिला. आम्ही तो बेसलाइनमध्ये चढवला, साठवला, आणि तीन टेस्टरनी तीन प्रती उघडल्या. नावांची टक्कर नाही, सगळं सुरळीत, मी खूश. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सकाळी ८ वाजता येणं बाकी असलेल्यांना ई-मेल पाठवणारा जॉब होता. तो तिन्ही प्रतींत होता. तिन्हींना बाहेरचं नेटवर्क कार्ड होतं. ९ च्या सुमारास ग्राहकाचा फोन आला. त्यांना आधीच कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका पार्टीचा येऊन गेला होता: ‘एकदा मागितलं असतं तरी दिलं असतं, तीन-तीनदा काय मागताय?’ त्यातली काही बिलं तर मधल्या काळात भरून झालेली. पुढचा आठवडा माफी मागण्यात गेला. एन्व्हायर्नमेंट पुन्हा वापरता येण्याजोगं केलं की चूकही तितक्याच वेळा वापरली जाते, हे तेव्हा समजलं.

त्यानंतरचे आमचे नियम तुम्हीही घ्या. ग्राहकाचा बॅकअप आला की तो आधी एका वेगळ्या मशीनवर उघडतो, तिथं नावं, फोन, ई-मेल, जीएसटी नंबर, बँक खाती बदलणारी स्क्रिप्ट चालते, आणि बाहेर पडतो तो बदललेला बॅकअपच. मूळ फाईल पुसली जाते. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये एक खोटा मेल सर्व्हर असतो, जो मेल घेतो आणि स्वतःकडंच ठेवतो. टेस्टरला मेल गेला की नाही तेही तिथंच दिसतं. बेसलाइनमध्ये सगळे ठरलेल्या वेळचे जॉब बंद, ज्याला हवा त्यानं चालू करावा. आणि ऑफिसच्या फायरवॉलवर टेस्ट नेटवर्कमधून बाहेर जाणारं सगळं अडवलेलं, फक्त बिल्ड सर्व्हर आणि मोजके पत्ते सोडून. चारही कुलपं लावा. कुठल्या दिवशी कुठलं उघडं राहील सांगता येत नाही.

ग्राहकाचा डेटा मुळात रोजच्या टेस्टिंगला लागतोच कशाला? स्वतःचा, हातानं रचलेला छोटा डेटा ठेवा, आणि तो एन्व्हायर्नमेंटबरोबर नाही तर कोडबरोबर जतन करा. आपण सीमेवर राहतो त्यामुळं टेस्ट केस शोधायला लांब जावं लागत नाही. फाउंड्री उद्यमबागेत, कर्नाटकाचा जीएसटी राज्य कोड २९. तिचा एक ग्राहक हुबळीला, त्याच राज्यात: बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. दुसरा शिरोलीला, महाराष्ट्रात, कोड २७: त्याच कास्टिंगवर आयजीएसटी. तिसरा गोव्यात, कोड ३०. आता खरी गंमत जॉब वर्कची, म्हणजे आपल्या मालावरचं काम दुसऱ्याकडून करून घेण्याची. ई-वे बिलाला (मालवाहतुकीसोबतच्या ऑनलाइन कागदाला) एरवी ५० हजारांची मर्यादा असते. पण कर्नाटकातल्या फाउंड्रीनं मशीनिंगसाठी माल महाराष्ट्रातल्या जॉब वर्करकडं पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं. निपाणीहून कागलला आठ हजारांचं कास्टिंग छोट्या टेम्पोतून गेलं तरी. हुबळीत किंवा बंगळुरात बसून लिहिलेल्या टेस्ट केसमध्ये ही ओळ मला क्वचित दिसली. तुमच्या बेसलाइन डेटात असं एक चलन असलंच पाहिजे, आणि त्याच जॉब वर्करकडून एका वर्षात परत न आलेला माल दाखवणारं आणखी एक. ती वर्षाची मुदत ओलांडली की हिशेब बदलतो.

तारखेचा विषय निघालाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून, तंबाखूसारखे मोजके अपवाद सोडले तर, जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. तुमच्या सॉफ्टवेअरला आदल्या दिवशीचं बिल जुन्या दरानं आणि दुसऱ्या दिवशीचं नव्या दरानं काढता आलं पाहिजे, जुन्या बिलावरची क्रेडिट नोटही जुन्याच दरानं. हे टेस्ट करायला घड्याळ मागे न्यावं लागतं, आणि ऑफिसच्या डोमेनमध्ये ते केलंत तर सगळं ऑफिस बोंबलेल. स्वतःचा डोमेन कंट्रोलर असलेल्या, आयसोलेट केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ते सहज होतं. आमची रचना अशी: फक्त डोमेन कंट्रोलर होस्टकडून वेळ घेतो, बाकी तिघं डोमेन कंट्रोलरकडून. तारीख बदलायची असेल तेव्हा डोमेन कंट्रोलरची होस्टशी जुळणी बंद करायची, २१ सप्टेंबर २०२५, रात्री ११ वाजून ५० मिनिटं लावायची, आणि बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यायला लावायचं. मग चहा पिऊन या. परत आल्यावर तारीख उलटलेली असेल, बिल काढून बघा. काम झालं की ते एन्व्हायर्नमेंट फेकून द्या, घड्याळ सरळ करत बसू नका.

१२८ जीबीत किती बसतं ते मोजू. डोमेन कंट्रोलर २, डेटाबेस ८, ॲप ४, क्लायंट ४, मिळून १८ जीबी. होस्टला स्वतःला १६ ठेवा, उरले ११२, म्हणजे सहा एन्व्हायर्नमेंट. पाच टेस्टर आणि एक रात्रीच्या ऑटोमेटेड टेस्टला. रॅम पुरते. अडतं ते डिस्कवर. चार मशीन, प्रत्येकी ६० जीबी धरलं तर एक प्रत २४० जीबी. लायब्ररी दुसऱ्या मशीनवर असेल आणि मधे एक गिगाबिटचं नेटवर्क, तर सेकंदाला साधारण १०० एमबीनं ४० मिनिटं लागतात, आणि पाच जणांनी एकदम मागितलं की दुपारच्या जेवणापर्यंत थांबा. म्हणून लायब्ररी त्याच होस्टवर, वेगळ्या एसएसडीवर ठेवा. फिरत्या डिस्कवर सहा एन्व्हायर्नमेंट सकाळी साडेनऊला एकत्र बूट करून बघा एकदा, म्हणजे एसएसडीचे पैसे मालकाकडं कसे मागायचे ते आपोआप सुचेल.

लायसनचं एक. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन प्रत १८० दिवस चालते आणि संपली की मशीन दर तासाला आपोआप बंद होतं. त्यावरून टेम्प्लेट केलंत तर त्याच्या सगळ्या प्रतींमागे तेच झेंगट. टेस्टिंगसाठी व्हिज्युअल स्टुडिओ सबस्क्रिप्शनखालची लायसन वापरा.

पॅटर्नची निगा राखायला महिन्यातला एक दिवस ठरवा. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्या आठवड्याचा शुक्रवार आम्ही धरतो. टेम्प्लेट उघडायचं, अपडेट टाकायचे, त्यावरून एन्व्हायर्नमेंट उभं करायचं, दहा-बारा मोजक्या टेस्ट चालवायच्या, पास झालं तर नव्या नावानं लायब्ररीत. जुनं आणखी एक महिना राहू द्यायचं, मग काढायचं. नावात वर्ष-महिना आणि विंडोजची आवृत्ती असली की पुरे. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘नवीन-२’ असली नावं लायब्ररीत दिसली तर ती ठेवणाऱ्यानं सगळ्यांना कुंदा आणायचा, असा आमच्याकडं दंड आहे. दंड बऱ्यापैकी वसूल होतो.

प्रॉक्समॉक्सवर जायचं का? जायला लागणारच आहे, किंवा दुसऱ्या कशावर तरी. लॅब मॅनेजमेंट व्हिज्युअल स्टुडिओ २०१० बरोबर आलं आणि टीएफएस २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचं लॅब सेंटर काढूनही टाकलं. तुम्ही २०१३ वर अडकलाय ते यासाठीच असेल तर अडकून राहू नका. पण आधी वरची शिस्त इथंच लावा, मग हला. घोळ नवीन घरात नेला तर तो तिथंही घोळच राहतो, वर शिकायचा खर्च वेगळा.

प्रॉक्समॉक्समध्ये बहुतेक गोष्टींना जोडीदार सापडतो. टेम्प्लेट आहे. लिंक्ड क्लोन आहे, ज्यात मूळ डिस्क एकच राहते आणि प्रत्येक प्रतीत फक्त फरक साठतो, त्यामुळं ती २४० जीबीची प्रत सेकंदांत तयार होते. मात्र त्यासाठी स्टोरेज ते जमणाऱ्या प्रकारचं हवं, जसं झेडएफएस, एलव्हीएम-थिन किंवा क्यूकाउ२ फाईल. आयसोलेशन आपल्याला हातानं बांधावं लागतं: प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी कुठल्याही खऱ्या कार्डला न जोडलेला एक ब्रिज (आभासी नेटवर्क स्विच), आणि त्याच्या तोंडाशी राउटरचं काम करणारं एक छोटं मशीन, ओपीएनसेन्ससारखं. आत सगळीकडं तेच आयपी, बाहेर फक्त राउटरचा. मला तर ही रचना जास्त आवडते, कारण बाहेर जायचं दार एकच असतं आणि मेल अडवायचे ते तिथंच अडवता येतात. चार मशीनचा एकत्र स्नॅपशॉट घ्यायला स्वतः स्क्रिप्ट लिहावी लागेल, कारण तिथं स्नॅपशॉट एकेका मशीनचा असतो. आधी चारही बंद, मग चौघांचा, मग सुरू. चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे. बगला स्नॅपशॉट जोडायची ती सुंदर सोय मात्र मिळणार नाही. आम्ही बगमध्ये एन्व्हायर्नमेंटचं नाव आणि स्नॅपशॉटचं नाव हातानं लिहितो.

सगळं कंटेनरमध्ये (अख्ख्या मशीनऐवजी एकेका प्रोग्रॅमच्या हलक्या खोक्यात) का नाही, असं कुणीतरी विचारेलच. ॲप सर्व्हर जाईल, डेटाबेसही जाईल. पण विंडोजवरचा छपाईचा क्लायंट, त्याचे फॉन्ट आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कंटेनरमध्ये कोंबण्यात वेळ घालवू नका.

राहता राहिला वजनकाटा. तो सीरियल पोर्टवरून बोलतो, आणि हायपर-व्ही होस्टचा यूएसबी किंवा सीरियल पोर्ट आतल्या मशीनला सरळ देत नाही. दोन वाटा आहेत. सीरियलचं नेटवर्क करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो काट्याला लावा. क्लायंट मशीनवर त्याचा ड्रायव्हर टाकला की मशीनला तो साधा कॉम पोर्ट वाटतो, आणि कन्व्हर्टर एका वेळी एकाच एन्व्हायर्नमेंटला जोडला जाईल एवढं बघायचं. दुसरी वाट रोजच्या कामाची: काटा जे पाठवतो ते एक दिवस फाउंड्रीत बसून फाईलमध्ये उतरवून घ्या, जसंच्या तसं, अधलीमधली कचऱ्याची अक्षरं आणि अर्धवट आकड्यांसकट, आणि तीच फाईल पोर्टवर परत वाजवणारा छोटा प्रोग्रॅम एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. आमच्या फाईलमध्ये एका जागी काट्यावर क्रेनचा हुक टेकलाय आणि वजन तीन सेकंद वर-खाली होतंय. आमच्या सॉफ्टवेअरनं पहिल्यांदा त्यातला मधलाच आकडा उचलून चलनावर छापला होता.